‘अँड’नंतरचं क्रियापद सारखं घसरतं? दोष कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

लक्षण ओळखीचं आहे. महापे एमआयडीसीतल्या ऑफिसातून गेलेला ईमेल, नेरूळच्या सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस, नौपाड्यातल्या क्लासमध्ये लिहिलेला बारा ओळींचा परिच्छेद. स्पेलिंग बरोबर, शब्द नेमके, व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचा तक्ता तोंडपाठ. तरी मधलंच एखादं वाक्य पायाखाली सुटी फरशी यावी तसं डुगडुगतं.

"प्लीज चेक द इन्व्हॉइस, अपडेटिंग द शीट अँड टु इन्फॉर्म द व्हेंडर."

कामं तीन आणि रूपंही तीन. ‘चेक’ मूळ रूपात, ‘अपडेट’ला आयएनजी, ‘इन्फॉर्म’च्या आधी टु. लिहिणाऱ्याला यातलं प्रत्येक रूप येतं. चूक दाखवली की तो ती अर्ध्या मिनिटात सुधारतो, आणि आठवड्याभराने दुसऱ्या ईमेलमध्ये तीच चूक पुन्हा हजर असते. तक्ता आणखी घोकून ती जात नाही, कारण ती तक्त्यातून आलेलीच नसते. ती मराठी वाक्याच्या बांधणीतून येते आणि तिथूनच उपटावी लागते.

खालची इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. शब्दाच्या शेपटीचा ‘ड’, ‘स’ किंवा ‘इंग’ डोळ्यातून सुटतो, पण कान तो बरोबर पकडतो.

मराठीत सगळं ओझं शेवटच्या क्रियापदावर

वरचंच काम मराठीत सांगताना आपण म्हणतो, "बिल तपासून, शीट भरून व्हेंडरला कळव." आज्ञा आहे ती फक्त ‘कळव’मध्ये. काम झालं की "तपासून, भरून कळवलं", उद्यावर गेलं की "तपासून, भरून कळवीन". ‘तपासून’ आणि ‘भरून’ जागचे हलत नाहीत. काळ कुठला, करणारा कोण, होकार की नकार, हा सगळा हिशेब शेवटचं क्रियापद एकटं चुकता करतं.

इंग्रजीत हिशेब आधीच मांडलेला असतो. "यू मस्ट चेक द इन्व्हॉइस, अपडेट द शीट अँड इन्फॉर्म द व्हेंडर." ‘मस्ट’ एकदाच आला, पण त्याची सत्ता वाक्य संपेपर्यंत तिन्ही क्रियापदांवर चालते. बीजगणितात आपण कॉमन काढून कंसाबाहेर ठेवतो, तसा हा ‘मस्ट’ बाहेर आणि कंसात तीन क्रियापदं. मराठीत हा कॉमन कंस संपल्यावर येतो, इंग्रजीत कंस उघडायच्या आधी. मराठीच्या सवयीने लिहिणारा माणूस शेवटाला पोचल्यावर रूप ठरवायला बघतो. इंग्रजीत ते आठ-दहा शब्दांपूर्वीच ठरून गेलेलं असतं, आणि तोवर विसरलेलंही असतं. म्हणून बहुतेक वेळा घसरतं ते शेवटचं क्रियापद, ‘अँड’च्या लगेच नंतरचं.

दोन्ही भाषांमधला हा फरक एकाच मजकुरात बघायचा असेल तर संविधानाची उद्देशिका उघडा. २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख असलेला तो मजकूर बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच छापलेला असतो, इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात इंग्रजीत आणि मराठी माध्यमाच्या पुस्तकात मराठीत. इंग्रजीचा शेवट असा आहे: "डू हियरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टु अवरसेल्व्ह्ज धिस कॉन्स्टिट्यूशन". आधी ‘डू’, मग तीन क्रियापदं, तिन्ही मूळ रूपात. मराठीत त्याच जागी "अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण" येतं. पहिली दोन कामं ‘करून’मध्ये मिटली आणि काळ-कर्त्याचा भार ‘अर्पण’पुढच्या शेवटच्या क्रियापदाने उचलला. दोन्ही वाक्यं आपापल्या भाषेत भक्कम आहेत. मराठीची घडी इंग्रजी कापडावर घातली की सुरकुती पडते, एवढंच.

तपासणी उलटी करायची

दोष शोधताना वाक्य पहिल्या शब्दापासून वाचू नका. तसं वाचलं की अर्थ कळत जातो आणि रूपांकडे लक्ष राहत नाही. ‘अँड’पासून सुरुवात करा. ‘ऑर’, ‘बट’ किंवा ‘दॅन’ असेल तर तिथून. त्याच्या लगेच पुढचं क्रियापद कुठल्या रूपात आहे ते बघा: मूळ रूप, ‘स’ लावलेलं, ‘एड’ लावलेलं, आयएनजी, की टु. मग मागे चालत या आणि त्याच रूपातला जोडीदार शोधा. जोडीदार मिळाला की आणखी मागे जा आणि दोघांवर सत्ता असलेला कॉमन शब्द शोधा. तो डावीकडे लिहून क्रियापदं एकाखाली एक मांडा:

हॅव चेक्ड द शीट
हॅव सेंड इट टु द क्लायंट

‘हॅव सेंड’ लगेच खटकतं. तेच आडवं लिहिलं की "आय हॅव चेक्ड द शीट ऑफ द लास्ट थ्री मंथ्स अँड सेंड इट टु द क्लायंट" असं होतं, आणि ‘हॅव’ व ‘सेंड’ यांच्यात नऊ शब्द येऊन बसतात. तेवढ्या अंतरावरून चूक ऐकू येत नाही. ‘सेंड’चं ‘सेंट’ केलं की काम झालं. एकाखाली एक मांडण्याने हे मधलं अंतर पुसलं जातं, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस तरी कागद-पेन घेऊनच तपासा.

कुठल्या कॉमनपुढे कुठलं रूप, हे बहुतेकांना माहीत असतं, तरी एकत्र सांगून ठेवलेलं बरं. ‘विल, वुड, कॅन, कुड, मे, मस्ट, शुड’ आणि ‘डू, डझ, डिड’ यांच्यापुढे मूळ रूप. ‘हॅव, हॅज, हॅड’पुढे व्ही-थ्री. ‘इज, आर, वॉज, वेअर’पुढे आयएनजी, आणि कर्मणी असेल तर व्ही-थ्री. ‘लेट’ आणि ‘मेक’नंतर माणूस येतो, त्याच्यापुढे मूळ रूप. ‘बाय, फॉर, विदाउट, बिफोर, आफ्टर’ यांच्यापुढे आयएनजी. साखळी दोन कड्यांची असो की सहा, शेवटच्या कडीपर्यंत हेच रूप न्यायचं.

वाक्यात असा कुठलाच शब्द नसेल तर कर्ताच कॉमन. "ही गेट्स अप ॲट फाइव्ह, फिल्स हिज टिफिन अँड कॅचेस द पनवेल लोकल." कर्ता ‘ही’, म्हणून ‘स’ तिघांनाही. शाळेतली मुलं पहिल्याला ‘स’ लावतात आणि पुढच्या दोघांचा विसरतात. याच वाक्याचा प्रश्न केला की उलटं होतं: "डझ ही गेट अप ॲट फाइव्ह, फिल हिज टिफिन अँड कॅच द पनवेल लोकल?" ‘स’ ‘डझ’ने उचलला, बाकी तिघांनी तो खाली ठेवायचा. ‘डझ’ लिहून शेवटी पुन्हा ‘कॅचेस’ लिहिणारे मोठ्या ऑफिसातही भेटतात.

एकाच क्रियापदावर दोन कॉमन लादले असतील तर वेगळी काळजी हवी. "ही हॅज नेव्हर अँड विल नेव्हर पे द मेंटेनन्स." ‘विल नेव्हर पे’ ठीक आहे, ‘हॅज नेव्हर पे’ होत नाही. इथे काटकसर सोडा आणि पूर्ण लिहा: "ही हॅज नेव्हर पेड अँड विल नेव्हर पे द मेंटेनन्स."

रूप बदललं की अर्थ फिरतो

काही चुका फक्त कानाला बोचतात. काही मात्र वाचणाऱ्याला वेगळीच माहिती देतात, आणि त्या जास्त धोक्याच्या, कारण वाक्य व्याकरणात बरोबर दिसतं आणि कोणी हटकत नाही.

"ही डिड नॉट साइन द फॉर्म अँड सबमिटेड इट."
"ही डिड नॉट साइन द फॉर्म ऑर सबमिट इट."

पहिल्या वाक्यात फॉर्म जमा झाला, पण सहीशिवाय. दुसऱ्यात सहीही नाही आणि फॉर्मही नाही. ‘सबमिटेड’ला ‘एड’ लागला की ते ‘डिड नॉट’च्या सत्तेबाहेर पडतं आणि घडलेली गोष्ट होतं. ‘सबमिट’ मूळ रूपात राहिलं की ‘डिड नॉट’ त्यालाही धरतं.

हा गोंधळ जन्मतो मराठी वाक्यातच. "त्याने सही करून फॉर्म दिला नाही." यात सही झाली की नाही? ऐकणारा म्हणेल, फॉर्म आलाच नाही. दुसरा म्हणेल, फॉर्म आला पण सही केलेला नाही. आपण बोलताना ‘सही करून’वर जोर देतो किंवा लगेच पुढे "सही राहिलीच" असं जोडतो, आणि निभावून जातं. ईमेलमध्ये जोर देता येत नाही. म्हणून नकाराच्या वाक्यात दोन कामं आली की इंग्रजीकडे वळण्याआधी मराठीतच ठरवा, नकार कुठल्या कामाला आहे. दोन्हींना असेल तर ‘ऑर’ आणि मूळ रूप. फक्त पहिल्याला असेल तर "डिड नॉट साइन द फॉर्म बट सबमिटेड इट". फक्त दुसऱ्याला असेल तर क्रम बदलू नका, नकार हलवा: "ही साइन्ड द फॉर्म बट डिड नॉट सबमिट इट." मधल्या प्रकारात ‘अँड’ही चालतो, पण ‘बट’ लिहिलं की वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही. शक्य तिथे ‘बट’च घ्या.

दुसरी अशीच जागा ‘मेक’ची.

"द क्लार्क मेड हिम वेट अँड फिल द फॉर्म."
"द क्लार्क मेड हिम वेट अँड फिल्ड द फॉर्म."

‘फिल’ असेल तर फॉर्म त्या माणसाने भरला, क्लार्कने त्याला तो भरायला लावला. ‘फिल्ड’ असेल तर माणूस नुसता थांबला आणि फॉर्म क्लार्कने भरला. एका ‘ड’ने काम करणारा बदलला. तक्रारीच्या पत्रात किंवा चौकशीच्या उत्तरात अशी ओळ गेली तर कोणी काय केलं हेच चुकीचं नोंदलं जाईल.

एक नोटीस, ओळीओळीने

नवी मुंबईला पाणी येतं ते मोरबे धरणातून. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शटडाउन जाहीर झाला की सोसायट्यांच्या फळ्यांवर नोटिसा लागतात. साधारण अशी:

"ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु स्टोअर वॉटर बाय थर्सडे नाइट, क्लोजिंग ऑल टॅप्स अँड शुड नॉट वॉश कार्स. द टँक विल बी क्लीन्ड ऑन फ्रायडे अँड द कमिटी चेक्ड द मोटर."

पहिल्या वाक्याच्या ‘अँड’वर उभे राहा. पुढे आहे ‘शुड नॉट वॉश’. मागे वळून बघितलं तर ‘क्लोजिंग’, त्याच्या मागे ‘टु स्टोअर’. तिघांत एकही जोडी जमत नाही. कॉमन कोण? ‘रिक्वेस्टेड टु’. त्याच्यापुढे मूळ रूप, म्हणून ‘स्टोअर’ राहील आणि ‘क्लोजिंग’चं ‘क्लोज’ होईल. तिसऱ्या कडीत नकार आहे, तो जरा अडचणीचा. ‘रिक्वेस्टेड टु स्टोअर, क्लोज अँड नॉट वॉश’ व्याकरणात बसतं, पण दोन होकारांनंतर एक नकार आला की वाचणारा अडखळतो. अशा वेळी ज्याच्या पोटातच नकार आहे असं क्रियापद आणा: ‘अव्हॉइड’. "ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु स्टोअर वॉटर बाय थर्सडे नाइट, क्लोज ऑल टॅप्स अँड अव्हॉइड वॉशिंग कार्स."

इथे ‘वॉशिंग’ बघून कोणीतरी म्हणेल, बाकीची मूळ रूपात आहेत तर हेही ‘वॉश’ करा. करू नका. साखळीची तिसरी कडी ‘अव्हॉइड’ आहे. ‘वॉशिंग’ त्या कडीला लटकलेलं आहे, आणि ‘अव्हॉइड’पुढे आयएनजीच लागतं.

दुसऱ्या वाक्यात ‘अँड’नंतर कर्ता बदलला, काळ बदलला आणि प्रयोगही बदलला. टाकी साफ व्हायची आहे, मोटर मात्र तपासून झाली, असा अर्थ निघतो. दोन्ही कामं शुक्रवारचीच असतील तर दोन वाटा आहेत. एक: "द टँक विल बी क्लीन्ड ऑन फ्रायडे अँड द मोटर विल बी चेक्ड." कर्ता बदलल्यामुळे ‘विल बी’ पुन्हा लिहिलं. दुसरी: "द कमिटी विल क्लीन द टँक अँड चेक द मोटर ऑन फ्रायडे." दुसरीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. कर्ता एक, ‘विल’ एक, आणि मोटर बंद पडली तर कोणाला विचारायचं हेही वाचणाऱ्याला कळतं. "टाकी साफ करण्यात येईल" या सरकारी मराठीची सवय असल्यामुळे हात आपोआप कर्मणीकडे जातो, आणि अर्ध्या वाटेत कर्तरी आठवतं. मिसळ होते ती तिथेच.

टु: एकदाच, नाहीतर दर वेळी

"टु कलेक्ट द फॉर्म्स, टु सॉर्ट देम अँड डिलिव्हर देम" यात टु पहिल्या दोघांना मिळाला आणि तिसरा तसाच राहिला. टु एकदाच घ्या किंवा तिघांनाही द्या. एकदा कधी आणि दर वेळी कधी, हे पुन्हा उद्देशिकेत नीट दिसतं. ‘अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह’ ही क्रियापदं एकमेकांना चिकटून आहेत, म्हणून एका ‘डू’ने भागलं. त्याआधी ‘रिझॉल्व्ह्ड’पुढे मात्र ‘टु कॉन्स्टिट्यूट’, ‘टु सिक्युअर’, ‘टु प्रमोट’ असा टु तीनदा येतो, कारण ‘सिक्युअर’ आणि ‘प्रमोट’ यांच्या मध्ये न्याय, स्वातंत्र्य आणि समानतेच्या ओळी आहेत. कड्या चार-पाच शब्दांच्या असतील तर टु एकदा, ओळओळभर लांब असतील तर दर वेळी.

ईमेलच्या शेवटी एक फसवा टु असतो. "वुई लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू अँड डिस्कस द ऑर्डर." इथे ‘डिस्कसिंग’ हवं. लोक टु बघतात आणि मूळ रूप लिहितात, पण हा टु क्रियापदाचा नाही. ओळखायची खूण सोपी आहे: टु नंतर क्रियापदाऐवजी ‘इट’ ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टु इट’ जमतं, म्हणून पुढे आयएनजी, आणि साखळीभर आयएनजीच. ‘वॉन्ट टु इट’ जमत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. ‘कमिटेड टु’, ‘इन ॲडिशन टु’, ‘यूज्ड टु’ हेही असेच तपासा. "आय ॲम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग" आणि "आय यूज्ड टु ट्रॅव्हल" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात प्रवास अंगवळणी पडला आहे, दुसऱ्यात तो आधी करायचो आणि आता सुटला आहे.

छंद सांगताना

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराकडून हमखास येणारं वाक्य: "आय लाइक टु रीड, स्विमिंग अँड क्रिकेट." मराठीत "मला वाचायला, पोहायला आणि क्रिकेट आवडतं" खुशाल चालतं, क्रियापदाच्या पंगतीत नाम बसलं तरी कोणी उठवत नाही. इंग्रजी पंगतीत एकाच जातीचे शब्द लागतात: "आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड प्लेइंग क्रिकेट."

घोळ नेमका ‘लाइक’ला होतो, याचं कारण ‘लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू, प्रीफर’ यांना टु आणि आयएनजी दोन्ही चालतात. दोन्ही दारं उघडी असली की अर्धी वरात एका दारातून जाते आणि अर्धी दुसऱ्या. पहिलं क्रियापद ज्या दाराने गेलं, त्याच दाराने सगळी न्या. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, माइंड, कीप’ यांना फक्त आयएनजी, ‘वॉन्ट, डिसाइड, होप, अग्री, रिफ्यूज, प्लॅन, प्रॉमिस’ यांना फक्त टु. या दोन याद्या पाठ असाव्यात, तिथे पर्याय नाही.

जोडशब्द आणि तुलना

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ वापरून वाक्य पुन्हा लिहा, हा प्रश्न बोर्डाच्या विद्यार्थ्यांना नेहमीचा. "शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो सायन्स." ‘नॉट ओन्ली’नंतर क्रियापद आलं, ‘बट ऑल्सो’नंतर नुसतं नाम. पारडी समान नाहीत. ‘टीचेस’ दोघांना कॉमन आहे, मग ते जोडशब्दाच्या आधी काढा: "शी टीचेस नॉट ओन्ली मॅथ्स बट ऑल्सो सायन्स." दोन वेगळी कामं असतील तर क्रियापदं आत राहू द्या: "शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो कोचेस द कबड्डी टीम." ‘आयदर-ऑर’, ‘नायदर-नॉर’, ‘बोथ-अँड’ या तिघांनाही हेच लागू.

तुलनेत ‘दॅन’च्या दोन्ही बाजू बघायच्या. "टेकिंग द लोकल फ्रॉम ठाणे टु वाशी इज ईझिअर दॅन टु ड्राइव्ह" यात शेवटी ‘ड्रायव्हिंग’ हवं. ‘प्रीफर’च्या तुलनेत मात्र ‘दॅन’ऐवजी टु येतो, आणि तो टुही फसवाच: "आय प्रीफर वॉकिंग टु टेकिंग अ रिक्षा."

परिच्छेदात काळ सरकतो तेव्हा

एकाच वाक्यातली क्रियापदं जुळली तरी वाक्यावाक्यांत काळ सरकू शकतो. ठाण्याच्या शाळांत पहिल्या रेल्वेवर परिच्छेद लिहायला देतात, तिथे बघा:

"द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन लेफ्ट बोरीबंदर फॉर ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३. इट हॅज १४ कॅरिजेस अँड कॅरीज अबाउट ४०० पीपल. इट कव्हर्ड ३४ किलोमीटर्स अँड रीचेस ठाणे."

‘लेफ्ट’ भूतकाळ, ‘हॅज’ आणि ‘कॅरीज’ वर्तमान, ‘कव्हर्ड’ परत भूत, ‘रीचेस’ परत वर्तमान. मराठीत गोष्ट रंगवून सांगताना आपण सहज वर्तमानात शिरतो, "गाडी सुटते, माणसं बघत राहतात", आणि सहज बाहेर येतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो सूर चालू असतो. उपाय असा: परिच्छेद लिहून झाला की फक्त क्रियापदं समासात उतरवून काढा. लेफ्ट, हॅज, कॅरीज, कव्हर्ड, रीचेस. पाच शब्द शेजारी आले की कुठला बदलायचा हे सांगावं लागत नाही: हॅड, कॅरीड, रीच्ड.

पण सगळंच्या सगळं भूतकाळात ढकलू नका. पुढे "ठाणे लाइज टु द नॉर्थ-ईस्ट ऑफ मुंबई" असं वाक्य आलं तर ‘लाइज’ तसंच ठेवा. ठाणे आजही तिथेच आहे. आणि रूळ टाकण्याचं काम गाडी सुटण्याआधीचं, म्हणून त्याला ‘हॅड बीन लेड’.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना हाच दोष वेगळ्या वेषात येतो. "सहाला येतो आणि पावती आणतो म्हणाला" याचं "ही सेड दॅट ही वुड कम ॲट सिक्स अँड विल ब्रिंग द रिसीट" होतं. ‘वुड’ एकदा ठरला की ‘ब्रिंग’लाही तोच: "ही वुड कम ॲट सिक्स अँड ब्रिंग द रिसीट."

जिथे दोष दिसतो पण नसतो

नियम हातात आला की काही दिवस माणूस बरोबर वाक्यंही मोडायला लागतो. "शी लिव्ह्ज इन घणसोली अँड वर्क्ड इन तुर्भे टिल लास्ट इयर" हे बरोबर आहे. राहते आज, नोकरी होती गेल्या वर्षापर्यंत. वेळ खरोखर वेगळी असेल आणि ती सांगणारा शब्द जवळ असेल तर काळही वेगळा हवा. "ही लेफ्ट द ऑफिस, टेकिंग द फाइल विथ हिम" हेही बरोबर. ‘टेकिंग’च्या आधी स्वल्पविराम आहे, ‘अँड’ नाही, त्यामुळे ते ‘लेफ्ट’च्या बरोबरीला बसलेलंच नाही, त्याला जोडून आलं आहे. तिथे ‘अँड’ घातला तर मात्र ‘टुक’ करावं लागेल.

बायोडेटासाठी फार सांगायला नको: प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा, सोडलेल्या नोकरीच्या ओळी व्ही-टूमध्ये आणि चालू नोकरीच्या मूळ रूपात. ‘हँडल्ड बिलिंग’च्या खाली ‘रिस्पॉन्सिबल फॉर स्टॉक’ आलं की तिथे ‘मॅनेज्ड स्टॉक’ लिहा. वर्डच्या निळ्या रेघेवर विसंबू नका. ‘अँड सबमिटेड’सारखं वाक्य व्याकरणात बरोबरच असतं, तुमच्या मनात काय होतं ते त्या रेघेला माहीत नसतं.

एक प्रकार कानालाही चकवतो. ‘पुट, कट, सेट, हिट, लेट, शट, कॉस्ट’ यांची तिन्ही रूपं सारखीच. ‘रीड’चं स्पेलिंग तिन्हीकडे सारखं, उच्चार मात्र भूतकाळात ‘रेड’. "दे पुट द फाइल ऑन द टेबल अँड कॉल द मॅनेजर" हे वाक्य रोजच्या सवयीचं की कालच्या घटनेचं, हे ‘पुट’वरून कळतच नाही, त्यामुळे पुढचं ‘कॉल’ चुकलं तरी खटकत नाही. अशा वेळी ‘पुट’च्या जागी तात्पुरतं ‘कीप’ किंवा ‘केप्ट’ ठेवून वाचा. कालची गोष्ट असेल तर तोंडातून ‘केप्ट’ येईल, आणि ‘केप्ट’च्या पाठोपाठ ‘कॉल्ड’ आपोआप येईल. मग ‘पुट’ परत जागेवर ठेवा, ‘कॉल्ड’ तसंच राहू द्या.